कला शाखेला समुद्र वर्ज्य का?

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की महाविद्यालयाच्या आवारात दोनच प्रश्न कानी येतात. "गावी कधी निघालास?" हा एक, आणि "सुट्टीत कामाला कुठं जाणार?" हा दुसरा. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतून येथे शिकावयास आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांपैकी अनेकांना सुट्टी म्हणजे पुढच्या वर्षाची फी, खोलीचे भाडे आणि पुस्तके यांची तजवीज करण्याचे दिवस. कोणी दुकानात उभा राहतो, कोणी घरच्या शेतात राबतो, कोणी औद्योगिक वसाहतीत पाळी धरतो. यात कमीपणा काहीच नाही. परंतु याच सुट्टीचा उपयोग आपल्याच वयाची दुसरी मुले कशी करतात, हे पाहिले म्हणजे मन थोडे अस्वस्थ होते.

बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्थांनी मिळून उन्हाळी संशोधन अभ्यासवृत्तीची एक योजना गेली अनेक वर्षे चालविली आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याने दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करावयाचे आणि त्याच्या निर्वाहाची सोय अभ्यासवृत्तीतून व्हावयाची, अशी ही व्यवस्था. कोणी प्रयोगशाळेत रमतो, कोणी वेधशाळेत. किनाऱ्याच्या परिसरविज्ञानाची आवड असलेला विद्यार्थी खाडीतील चिखल, कांदळवन, प्रवाळ किंवा मासळीची पिले यांचा अभ्यास करतो. योजना उत्तम आहे. मात्र ती विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विज्ञान अकादम्यांनी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा विचार करावा यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो आमचा. आमच्यासाठी अशी योजना कोणी आखावयाची?

मागे एकदा किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेकडे मी दूरध्वनीवरून चौकशी केली होती. पलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "विषय कोणता?" मी म्हणालो, "भूगोल." "शाखा?" "कला." यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग कसं जमणार?" ते गृहस्थ सभ्य होते, आणि त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. पण कला शाखेचा आणि समुद्राचा संबंध तो काय, असे त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटत होते. खेदाची गोष्ट ही, की आपल्यातल्या बहुतेकांनाही तसेच वाटते. हा समज चुकीचा आहे, आणि तो दूर करण्याचे काम आपल्या महाविद्यालयाने हाती घ्यावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम कोल्हापूरचा आणि समुद्राचा संबंध पाहू. आपण घाटावरचे लोक, आपला समुद्राशी संबंध सहलीपुरता आणि ताटातल्या मासळीपुरता, अशी आपली समजूत असते. पण इतिहास निराळे सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांनी बांधले, आणि पुढे तो किल्ला व मालवण बंदर करवीर राज्याच्या ताब्यात होते. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्र सुटला. म्हणजे कोल्हापूर समुद्राला पारखे झाले त्यास आता दोनशे वर्षे झाली. त्यापूर्वी ते तसे नव्हते.

भूगोलही तेच सांगतो. गगनबावड्याला कड्यावर उभे राहिले, की एका बाजूचा पाऊस कुंभी नदीतून पंचगंगेला मिळतो, नृसिंहवाडीला कृष्णेत जातो आणि अख्खा दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला भेटतो. दुसऱ्या बाजूचा पाऊस घाट उतरून वाघोटण नदीतून विजयदुर्गच्या खाडीत जातो. कड्याच्या माथ्यावर हातभर अंतराने पडलेल्या दोन थेंबांची ही गत. आपण पंचगंगेत जे सोडतो ते कृष्णेच्या मुखापर्यंतच्या वाटेला लागते, आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जे जंगल तुटते त्याची माती कोकणच्या खाड्यांत जाऊन बसते. किनाऱ्याचे परिसरविज्ञान किनाऱ्यावर सुरू होत नाही. ते आपल्या घाटमाथ्यावरच सुरू होते.

आता कायद्याचा संबंधही जोडला गेला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही किनारी जिल्हे त्याच्या कक्षेत आले. याच उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीला मनाई केली होती आणि २०१८ च्या निकालपत्राने त्या संरक्षणावर शिक्कामोर्तब केले होते. खाडी, बंदर, कांदळवन यांविषयीची गाऱ्हाणी घेऊन किनाऱ्यावरची माणसे आता आपल्या गावात येणार. त्यांचे वकील, त्यांच्या बातम्या लिहिणारे पत्रकार, त्यांचे अर्ज तयार करून देणारे कारकून यांपैकी पुष्कळजण कोल्हापूरच्या कला महाविद्यालयांतूनच बाहेर पडलेले असतील. ज्यांनी कधी भरती-ओहोटी मोजली नाही, खाजणात पाय घातला नाही, त्यांना त्या माणसाचे गाऱ्हाणे कितपत समजेल?

येथे कोणी म्हणेल, की संबंध असेल. पण शास्त्राचे काम शास्त्रज्ञांनीच करावे. चिखलातील क्षार मोजणे, रोपांच्या जाती ओळखणे, पाण्यातील प्राणवायू तपासणे ही कामे आम्हाला येत नाहीत, हे मान्य. परंतु किनाऱ्याविषयीचे ज्ञान प्रयोगशाळेतच असते असे नाही. त्याचा फार मोठा भाग माणसांच्या बोलण्यात आहे, आणि तो मराठीत आहे.

एकच उदाहरण देतो. भरती केव्हा येणार हे कळण्यासाठी कोकणात एक सोपा हिशेब पूर्वापार चालत आला आहे. शुद्ध असो वा वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करावयाची. तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. ठिकाणपरत्वे थोडा फरक पडतो, तो त्या त्या गावाला ठाऊक असतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते असे आमचे पाठ्यपुस्तक सांगते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने ती पंचेचाळीस मिनिटे धरली आणि तोंडी हिशेबाला सोपी केली. चंद्राची गती, पंचांग आणि होडी यांची इतकी सुरेख सांगड ज्या वाक्यात आहे, ते वाक्य भूगोलाचे की गणिताचे की लोकसाहित्याचे?

तीच गोष्ट शब्दांची. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची लहान ती भांगाची. वाळूचा किनारा ती पुळण, खाऱ्या पाण्याखाली जाणारी दलदलीची जमीन ते खाजण. आपण ज्याला सरसकट कांदळवन म्हणतो त्यात तिवर निराळा, चिप्पी निराळी, कांदळ निराळा, मारांडी निराळी. यांपैकी पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. त्या वेळी वर्तमानपत्रात नाव वाचून हे झाड की भाजी, असा प्रश्न घाटावरच्या कित्येकांना पडला असेल. जाळ्यांतही पाग निराळा, डोल निराळी, रापण निराळी. प्रत्येक शब्दामागे पाण्याची खोली, माशाची सवय आणि माणसाचे कसब यांची पक्की माहिती असते. शब्द गेला की माहितीही जाते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करीत असता रानातल्या माणसांकडून शब्द वेचले आणि मराठीला श्रीमंत केले. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते उगीच नव्हे. रानाचे जे झाले ते समुद्राचे पुरतेपणी व्हावयाचे आहे. हे काम मराठीच्या विद्यार्थ्याने नाही करावयाचे तर कोणी?

माणसांना बाजूस ठेवून किनाऱ्याचे रक्षण करावयास गेले म्हणजे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. १९८७ साली मालवणच्या समुद्रात सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्यामागचा हेतू चांगला होता, कारण तेथील प्रवाळ आणि खडकाळ किनारा जपण्याजोगाच आहे. पण ज्यांची जाळी त्या पाण्यात पडत होती त्यांना आपल्या पोटावर पाय येणार अशी धास्ती वाटली आणि तेव्हापासून विरोधाचा सूर उमटत राहिला. उलट मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण घ्या. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन समुद्री कासवांची अंडी राखण्यास सुरुवात केली. पूर्वी जी घरटी माणसे आणि कोल्हे-कुत्री फस्त करीत, त्यांची राखण गावच करू लागला. पुढे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे येऊ लागले, घरोघरी त्यांच्या जेवणाखाणाची सोय होऊ लागली. कासवाचे शास्त्र दोन्हीकडे सारखेच कळलेले असते. फरक पडतो तो माणसांशी कसे बोलले गेले यामुळे. हा फरक समजून घेणे हे समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे काम आहे.

रापणीचेच पाहा. किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढावयाचे हे जाळे, आणि मिळालेल्या मासळीची वाटणी ठरलेल्या वाट्यांनी. मोठ्या यांत्रिक पर्ससीन जाळ्यांशी या रापणकरांचा झगडा वर्षानुवर्षे चालला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. हा झगडा मासळीच्या साठ्याचा आहे, तसाच तो वाट्याचा, कर्जाचा आणि बाजाराचाही आहे. मालवणच्या पुळणीवर बांगडा काय भावाने जातो आणि कोल्हापूरच्या बाजारात तो काय भावाने मिळतो, यांतला फरक कोणाच्या खिशात पडतो, हे आपल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका उन्हाळ्यात मांडून दाखविले, तर ते कोणत्याही प्रबंधाइतके मोलाचे ठरेल.

समुद्रापासून दूर वाढलेल्या साहित्याच्या विद्यार्थिनीला एक उन्हाळा काय देऊ शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण रेचेल कार्सनचे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका लहान गावात, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, बेताच्या परिस्थितीत ती वाढली. १९२५ मध्ये ती महाविद्यालयात गेली ती इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी. लेखिका व्हावे ही तिची इच्छा. पुढे तिने जीवशास्त्र घेतले, आणि १९२९ च्या उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत काही आठवडे काम करण्याची संधी तिला मिळाली. समुद्र तिने प्रथम पाहिला तो तेव्हा. पुढे १९४१, १९५१ आणि १९५५ साली तिची समुद्रावरील तीन पुस्तके प्रसिद्ध झाली, आणि १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'ने तर कीटकनाशकांविषयी साऱ्या जगाचे डोळे उघडले. तिची शास्त्राची बैठक पक्की होती. पण ते शास्त्र सामान्य वाचकाच्या हृदयाला भिडले ते तिच्या भाषेमुळे. त्या उन्हाळ्यात "शाखा कोणती?" एवढेच विचारून तिला दारातून परत पाठविले असते तर?

आता खऱ्या अडचणीकडे वळतो. ती अडचण शाखेची नसून पैशाची आहे. किनाऱ्यावर जाऊन महिना-दीड महिना राहावे, असे आमच्यापैकी अनेकांना वाटते. काही संस्था स्वयंसेवक म्हणून घेतातही, पण विनामोबदला. ज्याच्या घरी सुट्टीच्या मजुरीची वाट कोणी पाहत नाही त्यालाच ते परवडते. म्हणजे निसर्गाचा अभ्यास हा सुखवस्तू घरच्या मुलांचा छंद ठरतो, आणि ज्याच्या बापाची जमीन घाटातल्या पाण्यावर पिकते तो मुलगा दुकानात पुड्या बांधीत बसतो. अभ्यासवृत्तीचे खरे महत्त्व येथे आहे. तिच्यामुळे विद्यार्थ्याच्या उन्हाळ्याची किंमत चुकती होते आणि शिकण्याचा हक्क त्याला परत मिळतो.

कोल्हापूरला हा विचार नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला बुद्धी नसते म्हणून तो मागे राहत नाही, त्याला शहरात टेकावयास जागा नसते म्हणून तो मागे राहतो, हे महाराजांनी ओळखले होते. आज जागेचा प्रश्न काहीसा सुटला आहे. वेळेचा सुटलेला नाही. ज्या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात, त्या गावाच्या महाविद्यालयाने विद्यार्थ्याला एक उन्हाळा मोकळा करून द्यावा, ही त्याच परंपरेतली पुढची पायरी ठरेल.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयाने दरवर्षी पाच विद्यार्थ्यांसाठी 'किनारा अभ्यासवृत्ती' सुरू करावी. मुदत सहा आठवड्यांची. तीही विचारपूर्वक निवडावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा एप्रिलच्या अखेरीस गेलेल्या विद्यार्थ्याला चालू हंगाम पाहता येईल, वाळत घातलेली सुकी मासळी पाहता येईल, आणि परतण्याच्या सुमारास होड्या वर ओढून शाकारण्याची लगबगही दिसेल. भूगोलाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक उधाणाला व भांगाला पुळणीची रुंदी व उतार मोजावा; त्यासाठी दोन काठ्या, दोरी आणि पाणपातळी पुरे. मराठीच्या विद्यार्थ्याने शब्द टिपावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी शिकून घ्यावी आणि खारबंदिस्तीचे जुने कागद घरोघरी विचारावेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने भाव लिहावेत, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाटे आणि वाद समजून घ्यावेत. पाचही जणांचे गाव एकच असावे, म्हणजे पाच वह्या मिळून एक पुस्तक होईल. त्याची एक प्रत त्या गावच्या शाळेत ठेवावी. माहिती घेऊन निघून जाणारे पाहुणे त्या गावाने पुष्कळ पाहिले असतील. आपण तरी त्यांची वही त्यांना परत द्यावी.

खर्चाचे म्हणाल, तर राहण्याजेवण्यासह एका विद्यार्थ्यामागे वीस हजार रुपये धरले तरी पाच जणांचे एक लाख होतात. ही रक्कम लहान नाही. पण आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचीही नाही. स्नेहसंमेलनाचा मांडव थोडा आखूड केला तरी त्यातले काही निघेल, आणि संमेलनाच्या रंगतीत फारसा फरक पडणार नाही, असे माझे नम्र मत आहे.

मुलींना पाठविण्यास पालक तयार होतील का, अशी शंका काहींनी बोलून दाखविली. दोघी-दोघींनी एका घरी राहावे, गावातल्या महिला बचत गटाने त्यांची जबाबदारी घ्यावी, एखाद्या प्राध्यापिकाबाईंनी मधून मधून भेट द्यावी, अशी व्यवस्था करता येईल. किंबहुना मुलींनी गेलेच पाहिजे. मासळी आणतो पुरुष; पण ती निवडणे, वाळविणे, विकणे हे बहुतांशी बायांच्या हाती. कालवे आणि तिसऱ्या वेचण्यासाठी ओहोटीला खाडीत उतरतात त्याही बाया. त्या बायांना जे ठाऊक आहे ते आम्ही मुलांनी कितीही विचारले तरी निम्मेच कळेल.

राहिला प्रश्न शास्त्राचा. आमच्या नोंदी कच्च्या असतील, चुकीच्याही असतील, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला एक शास्त्र शाखेचा मार्गदर्शक असावा. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र फार दूर नाही आणि गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही आहे. तेथील जाणकारांना नम्रपणे विचारले तर एखाद्या दिवसाचे मार्गदर्शन ते नाकारतील असे वाटत नाही. शास्त्रज्ञांनाही गावातले शब्द आणि भाव जाणणाऱ्या माणसाची गरज असतेच.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालण्यास आली. पूर्व किनाऱ्याची म्हणून नोंदलेली ती मादी साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून पश्चिमेला आली, आणि कासवांविषयीच्या समजुती पुन्हा तपासून पाहण्याची वेळ शास्त्रज्ञांवर आली. गुहागर कोल्हापूरहून एका दिवसात गाठण्याजोगे आहे. घाट उतरण्यासाठी आपल्याला हवे आहेत ते गाडीभाड्याचे पैसे, सहा आठवडे, आणि "कला शाखा? मग या, बसा" असे म्हणणारा कोणीतरी. पुढच्या अंकात या विषयावर मत मांडणारा लेख नसावा. वेळास, मालवण किंवा विजयदुर्गहून परतलेल्या पाच विद्यार्थ्यांच्या वह्यांतील पाने असावीत, ही प्राचार्यांना आणि विद्यार्थी मंडळाला विनंती.